इश्वरच्या बांधीचं पाणी

श्रावणच्या बापानं तलावाचं पाणी वाटलं होतं आणि त्याच्या आज्यानंही. चिचटोल्यात त्यांच्या घराला पाणकराचं घर म्हणत. आश्विनात पाऊस ओढ देतो आणि धान गर्भात असतं, तेव्हा तलावाच्या पाळीला आतून असलेल्या तुडुमात, पाणी सोडायच्या हौदात, उतरायचं, भोकात ठोकलेली लाकडी खुंटी उपसून पाणी पाटात सोडायचं, मग पाटाच्या काठानं फिरत एकेकाच्या धानाच्या बांधीची मुही, म्हणजे बांधातलं पाण्याचं तोंड, फोडायची. बांधी भरली की त्याच मुहीला चिखलाचा गोळा लावून ती बुजवायची. भरेपर्यंत शेताच्या धुऱ्यावर उभं राहायचं. पाणकर मुही उघडी टाकून जात नसतो.

काम एवढंच, पण त्यात गावाचा सगळा विश्वास होता. भावाभावांची भंडाऱ्याच्या कोर्टात तारीख चालू असायची, एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नसत. पण श्रावणनं मुही बुजवली की दोघंही मुकाट्यानं घरी जात. मला कमी, त्याला जास्त असं त्याच्या तोंडावर कधी कोणी म्हटलं नाही.

पाणी थंड असायचं. तुडुमात छातीभर पाण्यात उतरण्याआधी बाप मोहाच्या दारूचा एक घोट घ्यायचा आणि एक पोराला द्यायचा. श्रावणची सुरुवात ती. बाप गेला, तुडुमात उतरायचे दिवस वर्षातून थोडेच, पण घोट रोजचा झाला. पुढे पुढे सकाळी उठल्यावर हात कापायचे, ते थांबावेत म्हणून प्यायचं. प्यायला की हात असे स्थिर, की चिखलाचा गोळा एका थापेत बसायचा. तो कधी झोकांड्या खात नसे, कोणाला शिवी देत नसे. त्यामुळे गाव समजे, पाणकर कधीमधी घेत असंल. किती घेतो ते त्याची बायको रुखमिणी तेवढी जाणत होती, आणि धानाच्या ढोल्यात खोल खुपसलेली बाटली जाणत होती.

गावाचा नावाजलेला बेवडा होता इश्वर. तो प्यायला की गावाला कळायचं. कोंढ्याच्या बाजारातून येताना तो बैलांना भजन ऐकवायचा, पारावर उभा राहून पुढाऱ्यांच्या नकला करायचा आणि शेवटी नालीत बसून बायकोला, पुष्पाबाईला, हाका मारायचा. ती हाताला धरून न्यायला आली की म्हणायचा, “पाह्यजा बाप्पा, राणी स्वतः घ्याले आली.” लोक हसायचे. श्रावणही हसायचा.

एकोणऐंशीच्या साली गावातल्या बाया उठल्या. सीताबाई त्यांच्यात पुढे. तिची लेक नवऱ्याच्या दारूपायी दात पाडून घेऊन माहेरी आली होती. बायांनी आधी चंद्रभागाबाईचं घर गाठलं. चंद्रभागाबाई विधवा, मोहफुलं गाळून दोन पोरं पोसत होती. तिची मडकी अंगणात आणून फोडली. सडलेल्या मोहाचा लगदा रस्त्यावर वाहिला, तो टिपून कोंबड्या दिवसभर आडव्या पडल्या, आणि त्या हागणदारीपर्यंत कशा लुडकत गेल्या याच्या नकला इश्वरनं आठवडाभर करून दाखवल्या.

मग ठराव झाला. पाणी सोडायच्या आधी तलावाची पूजा होते. त्या दिवशी प्रत्येक घरच्या पुरुषानं तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घ्यायची, आणि जो शपथ मोडंल त्याच्या बांधीत त्या साली तलावाचं पाणी जाणार नाही. दंड केला तर तो बायकोच्या डोरल्यातून जातो, असं सीताबाईचं म्हणणं. पाणी मात्र सगळ्यांना दुखंल. कोणाला यात खोट दिसली नाही. पाणी ज्या घरचं बंद होणार, त्या घरात बाई आणि लेकरंही जेवतात, हे त्या बायांच्याही ध्यानात आलं नाही. रागात होत्या.

पहिली ओंजळ पाणकराची. श्रावण सकाळीच ढोल्याशी जाऊन आला होता, वर पेरूची पानं चावली होती. पाण्यात उभा राहून त्यानं शपथ घेतली आणि त्याचा हात कापला नाही. काठावर रुखमिणी पदर तोंडात धरून उभी होती. लोकांना वाटलं, तिला गहिवरून आलं.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या. इश्वरनं शपथ आठवडाभर पाळली असंल, मग कोंढ्याच्या बाजारातून तो नेहमीसारखा गात आला. सीताबाईनं पारावर चारचौघांसमोर त्याला विचारलं, पेलास का. तो म्हणाला, पेलो. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

त्याच्या बांधीची पाळी आली त्या दिवशी श्रावण त्याच्या मुहीसमोरून पुढच्या बांधीकडे निघाला. इश्वर पाटात आडवा उभा राहिला. त्या दिवशी तो शुद्धीत होता.

“पानकरभाऊ, मी पेलो. पर माया धानानं कायले पेलं?”

“गावाचा ठराव आहे, इश्वर.”

“गाव तिकडं आहे. अठी तू आहेस. मुही तुया हातात आहे.”

श्रावणनं तोंड वळवून सांगितलं की एकाला सोडलं तर सगळेच मागतील. इश्वर त्याच्या अगदी जवळ आला होता, तोंडाला तोंड लागेल इतका. श्रावणनं त्याच्याकडे पाहिलं. इश्वरनं काही बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलता तो पाटाबाहेर निघून गेला. श्रावणनं इश्वरची मुही चिखलानं आणखी पक्की केली. पोटात सकाळची होती म्हणून हात स्थिर होता.

गर्भातल्या धानाला पाणी मिळालं नाही की लोंबी बाहेर तर येते, पण पांढरी. आत दाणा नसतो. आजूबाजूच्या बांध्या वाकल्या आणि मधोमध इश्वरची बांधी ताठ, पांढरी उभी राहिली. श्रावणला पाटानं जाता-येता ती दिसायची. पुष्पाबाई एक दिवस धुऱ्यावर बसून लोंब्या मुठीत चुरडून पाहत होती. तिनं त्याला पाहिलं आणि पदर सारखा करून उठून उभी राहिली, पाणकराला मान द्यायची गावची रीत म्हणून. तो घरी आला तो जेवला नाही.

त्या दिवसापासून त्यानं सोडली. रुखमिणीलाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी, इतके दिवस पीत होतो, हे तोंडानं कबूल करावं लागणार. आपणच सोडू, आपलं आपल्याशी, म्हणजे झालं ते कोणाला कळायचं नाही आणि इश्वरसमोर उभं राहायला तोंड राहील. पहिल्या दिवशी हात कापले, मग घाम, मग ओकाऱ्या. हिवताप भरला म्हणून घोंगडी घेऊन पडला. अशात नको तेव्हा स्वातीचा पाऊस आला आणि सगळं भिजवून गेला, इश्वरच्या पांढऱ्या लोंब्याही. श्रावणला भिंतीवर मासोळ्या चढताना दिसू लागल्या. त्या धरायला म्हणून तो भर दुपारी धोतर सावरत देवाच्या गुडीसमोर आला आणि तिथं लोकांदेखत झटका येऊन पडला. तोंडाला फेस, दात बसलेले. कोणी म्हणालं देव कोपला, कोणी कांदा आणायला धावलं.

दवाखान्याच्या विमलाबाई सिस्टर लस टोचायला त्या दिवशी गावात होत्या. कारध्याच्या, सायकलीवर फिरणाऱ्या, बोलायला फटकळ. त्यांनी झटका ओसरल्यावर त्याचे डोळे पाहिले, हात पाहिले आणि विचारलं, हा किती पितो. पाणकर पीत नाही, असं चौघांनी सांगितलं. त्यांनी रुखमिणीकडे पाहून पुन्हा विचारलं.

रुखमिणी खाली बघत म्हणाली, “रोज पेते. चार-पाच दिसापासून बंद हाय.”

 विमलाबाईंनी सांगितलं की रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर असे झटके येतात, त्यात माणूस मरतो; याला डॉक्टराकडे न्या. पण नाल्याला पूर होता, गाडी पलीकडे जाणार नव्हती. मग त्यांनी आवाज खाली न करता म्हटलं, पूर उतरंपर्यंत याला शुद्धीत बसवून थोडी थोडी द्यावी लागेल. कोणाकडे आहे का.

ज्या बायांनी मडकी फोडली त्याच तिथं उभ्या होत्या. सीताबाई चंद्रभागाबाईकडे पाहायला लागली. चंद्रभागाबाई म्हणाली, “माह्याकडं का पाह्यतेस? तूच त फोडली.” तेव्हा रुखमिणी उठली, घरी गेली, ढोल्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि बाटली घेऊन सगळ्या गावासमोरून चालत आली. बाटलीला धानाचे दाणे चिकटले होते. तिनं ती पदराखाली झाकली नाही. एवढा वेळ श्रावण डोळे मिटून होता. पण तो शुद्धीवर होता आणि सगळं ऐकत होता, हे त्यानं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

पूर उतरल्यावर डॉक्टरनं त्याला ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या. विमलाबाईंनी मधल्या वेळात सीताबाईशी भांडून घेतलं. गावात असे आणखी किती आहेत, तुमच्या शपथेनं ते लपून पितात किंवा बाहेरची नवसागर घातलेली पितात, एखादा मरंल तेव्हा काय कराल. दोन दिवस गेले. मग सीताबाईनं बाया जमवल्या आणि पहिल्यांदा पाण्याचा ठराव मोडला. म्हणाली, आपण चुकलो, पुष्पाबाईच्या घरची चूल आपण विझवली. यंदाचं तिचं खाणं सगळ्या घरांतून जाईल.

दुसरं ठरलं ते अवघड होतं. चंद्रभागाबाईनं एकच मडकं लावायचं, बायांच्या नजरेखाली. ज्याची सुटत नाही त्यानं सकाळी सीताबाईच्या ओसरीवर यायचं. आधी पेज प्यायची, मग दारूची वाटी मिळंल. वाटीतली हळूहळू कमी व्हायची, तिथं पाणी वाढायचं. हे कोंढ्याच्या डॉक्टरनं ऐकलं, हसला, आणि मग गंभीर होऊन म्हणाला, नजर ठेवा, कोणाला जास्त थरथर झाली की इकडे धाडा. पोलीसपाटलानं त्या गल्लीतून जाणं सोडलं.

दवाखान्यातून आलेला श्रावण महिनाभर कोरडा राहिला आणि घसरला. या वेळी रुखमिणीनं ते लपवलं नाही. ती म्हणाली, “ओसरीवर जा. नाहीतर मी तुमचा हात धरून नेतो.”

गावची मधली गल्ली श्रावणनं आयुष्यात तेवढी लांब कधी पाहिली नव्हती. ओसरीवर लोक बसले होते, आत सुना पेज ढवळत होत्या. सुनांनी पाणकरबुवांना पाहून डोक्यावर पदर घेतला. इश्वर भिंतीला टेकून बसला होता, पेज भुरकत होता. त्याच्या शेजारीच जागा रिकामी होती.

पेज झाली. सीताबाईनं वाटी पुढे केली, आणि श्रावणचा हात इतका कापायला लागला की अर्धी सांडली. कोणीतरी हसलं. इश्वरनं त्याच्या हातातून वाटी घेतली, उरलेली त्याच्या तोंडाला लावली, आणि हळूच म्हणाला,

“त्या दिशी पाटात मले वास आल्ता, पानकरभाऊ. पेरूचा नाही.”

श्रावणनं तोंड पुसलं. “मग सांगतलं काहून नाही?”

“सांगून काय झालं असतं? तुहीबी बांधी वाळली असती. दोन घरं उपाशी कायले मारा?” मग वाटी खाली ठेवून तो म्हणाला, “पर मी सांगीन, याची तू वाट पाह्यत होतास. मी पाह्यलं तुया डोऱ्यात. आन तरी तू मुही बुजवली.”

 पुढच्या साली पाळीआधी गाव बसलं तेव्हा श्रावणनं उभं राहून सांगितलं, दुसरा पाणकर पाहा. लोक इकडं तिकडं पाहायला लागले. त्या कामात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा इश्वर म्हणाला, हाच राहू द्या. पर माया मुहीला यानं हात लावायचा नाही. माही मी फोडीन, मी बुजवीन.

गावानं ते मान्य केलं. त्यानंतर बरीच वर्षं इश्वरची पाळी आली की श्रावण शेजारच्या धुऱ्यावर थांबायचा आणि तिकडं पाठ करून उभा राहायचा. इश्वर आपली मुही फोडायचा, बांधी भरली की खाकरायचा, मग श्रावण पुढे निघायचा. नव्या सुनांना, पोरांना त्याचं नवल वाटायचं. विचारलं तर श्रावण स्वतः सांगायचा, मी पिऊन याचं पाणी तोडलं होतं म्हणून. सांगताना प्रत्येक वेळी त्याचे कान लाल व्हायचे. वाटी हळूहळू पाण्याची झाली, मग नुसती पेज उरली. ओसरीवरचा एक जण लिव्हर जाऊन मेला, एक नागपूरला पळाला. इश्वर कधी सोडायचा, कधी धरायचा आणि धरली की स्वतःच ओसरीवर येऊन बसायचा. श्रावणनं पुन्हा घेतली नाही.

पंच्याऐंशीच्या आश्विनात इश्वरच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सुजून त्याला उठता येईना. त्याच दिवशी त्याची पाळी होती. पुष्पाबाई पाटावर आली आणि म्हणाली, मुही फोडा.

“त्याले विचारून ये,” श्रावण म्हणाला.

ती गेली. पाणी पाटात चढत राहिलं, शेजारची बांधी भरून तिची मुही बुजवायची वेळ आली. पुष्पाबाई धापा टाकत परत आली आणि खाली मान घालून निरोप सांगू लागली.

“फोड म्हणते. पर तठी उभा राहू नोको म्हणते. फोडून निंगून जाय.”

श्रावणनं मान हलवली. तो चिखलात उतरला आणि हातानंच मुही फोडली, फावडं लावलं नाही. पाणी इश्वरच्या बांधीत शिरलं, धानाच्या बुडख्यांमधून पसरायला लागलं. पुष्पाबाईला बुजवायचं कसं ते त्यानं दोनदा समजावलं आणि तो निघाला. तीन बांध्या पलीकडे करंजीचं झाड होतं. त्याच्या आड, इश्वरच्या घरातून दिसणार नाही असा, तो बांधी भरेपर्यंत उभा राहिला.