खांबाला वेढा

सिंगापुरात पुंगोलला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू दर शनिवारी ब्लॉकमधल्या मुलांना एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, शहरात नेतात आणि जुन्या इमारतींचे ग्रीक धर्तीचे खांब दाखवतात. "समजलं का?" असं त्या विचारत नाहीत, "दिसलं का?" विचारतात.

परवा मीही सोबत होतो. मुलं हात धरून एका जाड खांबाला वेढा घालत असताना एकीचे बाबा आले.

"काकू, हे परीक्षेत येतं का? तिची ट्यूशन बुडतेय."

"वेट लाह, पप्पा, थांबा ना," मुलगी म्हणाली. त्यांनी तिला हाताला धरून ओढतच नेलं. माझं डोकं फिरलं.

काकूंचाही आवाज प्रथमच चढला. "वेढा पुरा होईपर्यंत तरी थांबायचं होतंत."

मग दुखरे गुडघे सावरत त्या तिच्या जागी उभ्या राहिल्या आणि मुलांना म्हणाल्या, "धरा माझे हात."