सिस्टर कानाशी काय पुटपुटतात

आमच्या समोरच्या दारातल्या सिस्टर लहान मुलांवर मंत्र टाकतात, अशी बातमी मध्यंतरी आमच्या जिन्यात फिरत होती. दवाखान्यात म्हणे उघड्यावाघड्या बाळासमोर डबी धरून बसतात, त्याच्या पोटावर गार पाणी फिरवतात आणि कानाशी काहीबाही पुटपुटतात. बातमी कुणी पसरवली ते विचारू नका. मीच.

खरं एवढंच, की सिस्टर सत्तावीस वर्षं मुलांच्या दवाखान्यात लघवीचे नमुने घेतात. मोठ्या माणसाच्या हातात डबी दिली की काम झालं. लंगोटातल्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार? मग त्याला स्वच्छ पुसायचं, बेंबीखाली गार ओला कापूस गोल गोल फिरवायचा आणि धार सुटली की डबी मध्ये धरायची. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. तोवर हलायचं नाही. त्यापायी सिस्टरांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. जिना चढताना मागून बघितलं तर वाटतं, बाई जड पिशवी नेताहेत. हात तर रिकामे.

माझी नात ढमी तेव्हा दीड वर्षाची होती. लेक-जावई कामावर, दिवसभर पोर माझ्याकडे. वजन पंधरा किलो, मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी. कुणी "काय गुटगुटीत आहे हो!" म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ढमीच्या अंगावर तर ते आधीच चढलेलं होतं. दिवसाला दुधाच्या पाच बाटल्या आणि रडली की बिस्कीट. हसली तरी बिस्कीटच.

तिला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप आला. मी म्हटलं, दात येताहेत. तिसऱ्या खेपेला सिस्टर दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, सर्दी आहे?"

"नाही."

"खोकला?"

"छे."

"मग ताप आला कुठून? आणि दर खेपेला दातच का? पोरीच्या तोंडात काय सुसर आहे? लघवी तपासली का?"

मी ऐटीत रिपोर्ट पुढे केला. मी काय अडाणी आहे? पहिल्याच तापात तपासली होती. ढमीच्या पॉटमधली लघवी मुरंब्याच्या धुतलेल्या बरणीत ओतली, बरणी ओट्यावर ठेवली, आणि आमच्या ह्यांची दुपारची झोप झाल्यावर ती लॅबमध्ये पोचवली होती. रिपोर्टमध्ये चार प्रकारचे जंतू निघाले. लॅबवाल्याने पुन्हा नमुना द्या म्हणून खाली लिहिलंही होतं. तेवढ्यात ताप उतरला आणि आम्ही कागद कपाटात टाकला.

सिस्टरांनी कागद वाचला, मग बरणीची गोष्ट ऐकली. "वहिनी, हा रिपोर्ट पोरीचा नाही. तुमच्या बरणीचा आणि ओट्याचा आहे." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेले असतील तर थांबून चालणार नाही. पण चांगला नमुना घेतल्याशिवाय औषधही सुरू करता येत नाही. जंतू कोणता ते कळायला हवं ना? चला."

त्यांची सुट्टी होती त्या दिवशी. पायात घरच्या चपला, तशाच निघाल्या.

दवाखान्यातली ती खोली म्हणजे एक उंच टेबल, एक नळ, एक खिडकी. सिस्टरांनी ढमीच्या मांड्यांची एकेक वळी उलगडून पुसली. "किती घड्या घातल्यात गं तुला आजीने," म्हणाल्या. मग डबी धरून बसल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला शांतता सोसत नाही. मी नळाबद्दल बोलले, खिडकीबद्दल बोलले, शेजारणीच्या सुनेबद्दल तर चांगलं सविस्तर बोलले. ढमीचं अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले, आणि मी का बोलतेय ते मलाच कळत होतं. थांबले असते तर रडू फुटलं असतं. सिस्टर मध्येच वाकून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. म्हणजे तो मंत्र खराच होता!

चाळिसाव्या मिनिटाला धार सुटली. अर्धी सिस्टरांच्या बाहीवर, अर्धी डबीत. "शाब्बास माझी राणी," म्हणत त्या ओल्या बाहीनिशीच डबी घेऊन लॅबकडे धावल्या. त्या घरच्या चपलांत.

या वेळी जंतू एकच निघाला. सोनोग्राफीत उजवं मूत्रपिंड सुजलेलं दिसलं. आम्ही तीन दिवस ॲडमिट होतो, सुया झाल्या, पुढे सात दिवस औषध. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस दातांवर ढकललं असतं तर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहू शकला असता. माझी मान वर होईना.

सिस्टरांनी ती खाली असतानाच दुसरा घाव घातला. "शी रोज होते का तिची?"

"तीन-तीन दिवस होत नाही."

"नुसतं दूध-बिस्कीट घातलं तर कशी होईल? शी तुंबली की लघवीही पुरती होत नाही, आणि साठल्या लघवीत जंतूंचं फावतं."

म्हणजे ताप माझ्याच बिस्किटांच्या डब्यातून आला होता. मी म्हटलं, "उद्यापासून उपाशी ठेवते."

"खबरदार! वाढतं लेकरू आहे. तिचं वजन उतरवायचं नाही, फक्त थोपवून धरायचं. उंची मागून येऊन गाठते. दूध पेल्यातून, दोनदा. जेवण तुम्ही जेवता तेच, तिच्या मुठीएवढं. मधल्या वेळी फळ, पाणी. आणि हिला कडेवरून उतरवा, पाय दिलेत तिला."

पहिले पंधरा दिवस ढमीने घर डोक्यावर घेतलं. बिस्किटांचा डबा मी सिस्टरांच्या घरी नेऊन ठेवला, कारण माझा स्वतःवर विश्वास नव्हता. मग हळूहळू ती जिन्याच्या पायऱ्या चढायला लागली आणि मी धापा टाकत मागे.

सहा महिन्यांनी दवाखान्यातला काटा पुन्हा पंधराच. उंची मात्र चार बोटं वाढलेली, आणि वाढीच्या तक्त्यावरचा तिच्या वजनाचा ठिपका, जो सगळ्या रेघा सोडून वर गेला होता, तो सगळ्यात वरच्या रेघेला येऊन टेकलेला. मध्ये ताप एकदाही नाही. सिस्टरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि जरा जास्तच वेळ ठेवलं. पुढच्या महिन्यात त्यांची नोकरी संपतेय.

म्हटलं, आता नाही विचारलं तर कधी विचारणार? "सिस्टर, खरं सांगा. त्या दिवशी डबी धरून पोरीच्या कानात काय म्हणालात?"

त्या म्हणाल्या, "म्हटलं, ढमे, आजी गप्प बसायची वाट बघू नकोस, तोवर मी रिटायर होईन."