शांत झालेली भिंगरी

विशेष मुलींच्या त्या वसतिगृहात कामाला बायका चार होत्या, पण ‘मावशी’ अशी हाक आली की एकच वळून बघायची. एकवीस वर्षं ती त्या मुलींना न्हाऊ घालत होती, भरवत होती आणि त्यांचा मार खात होती. दोन्ही हातांवर चाव्यांचे व्रण. नवरा म्हणायचा, “लोक कामावरून येताना भाजी आणतात, तू दातांचे ठसे आणतेस.”

त्यातले निम्मे ठसे भिंगरीचे. बारा वर्षांची ही पोर बोलत नव्हती. खूश झाली की स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून हे नाव पडलं. पण जेवणाची वेळ झाली की तिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. शेजारणीचे केस धरायची, चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. मग दोघीतिघींनी धरून तिला कोपऱ्यातल्या खोलीत कोंडायचं, हा रोजचा शिरस्ता.

मावशीला ते पटेना. ती नुसती बघत राहिली. तीन आठवड्यांनी तिच्या ध्यानात आलं, की पोर जेवणाला बिथरत नाही. स्टीलच्या ताटांची चळत दाणकन टेबलावर आदळली, की तिचे हात आधी स्वतःच्या कानांवर जातात आणि मग दुसरीच्या केसांत.

दुसऱ्या दिवसापासून मावशी तिला सगळ्यांच्या आधी, मागच्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढू लागली. नको असेल तर तळहात पुढे करायचा, ही एक खूण शिकवायला दोन महिने गेले. पण चावणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. कोपऱ्यातल्या खोलीत बायका झाडू-बादल्या ठेवू लागल्या.

मग मावशीच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी तीन आठवड्यांची रजा घ्यावी लागली. जाताना तिने अधीक्षक बाईंना बजावलं, “तिला आधी जेवू घाला, बाहेर. आणि हात पुढे केला की थांबा. एवढं सांभाळा.”

“बायका आधीच कमी आहेत, मावशी. बघते मी.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी बघितलंही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात बसायला कोणी मोकळं नव्हतं.

मावशी परतली तेव्हा भिंगरी सगळ्यांच्या मध्ये जेवायला बसली होती. ताटं आदळली. तिने मानही वर केली नाही. तोंडातून लाळ गळत होती, घास गालात तसाच.

“काय झालं हिला?”

“तुमच्या जागी आलेल्या बाईला अशी चावली, बोट तुटायचंच राहिलं होतं,” स्वयंपाकीण म्हणाली. “डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. आता काही त्रास नाही हो.”

डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. मावशी त्यांची वाट बघत दाराशी उभी राहिली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “तुम्ही म्हणता ते बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण तुमच्या सुट्टीच्या दिवशी काय?”

गोळ्या चालूच राहिल्या.

ती पुन्हा व्हरांड्यात बसून भरवू लागली. “गीळ, बाळा,” म्हणत गळ्यावरून बोट फिरवायची. एका जेवणाला तास लागायचा. तळहात कधी पुढे आला नाही. देईल ते भिंगरी घ्यायची.

एका रविवारी भिंगरीची आई भेटायला आली. पूर्वी ती हातभर लांबच बसायची, लेकीने दोनदा तिचं तोंड ओरबाडलं होतं. आज भिंगरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. केसांतून हात फिरवता फिरवता आईच्या डोळ्यांना धार लागली होती.

“मावशी, कसे पांग फेडू तुमचे? किती शहाणी झाली माझी पोर.”

खरं काय ते मावशीच्या ओठांपर्यंत आलं. पण केसांतला तो हात थांबतच नव्हता.

“बसा निवांत,” ती म्हणाली. “पाणी आणते.”

आत जाऊन तिने नळ सोडला आणि तांब्या भरून वाहायला लागला तरी ती तशीच उभी राहिली.