माझंच प्रकरण, दुसऱ्या शब्दांत

पीएच.डी.चं पहिलं प्रकरण मी चोरलं होतं, हे आधी सांगून टाकते. तेव्हा ती चोरी वाटली नाही. शाळेत निबंध गाइडमधून उतरवला, बी.ए.ला उत्तरं झेरॉक्सच्या नोट्समधून. प्रबंधही तसाच असणार, असं धरून चालले होते. जुन्या दोन प्रबंधांतली पानं जोडली, गावांची नावं बदलली आणि हिंगोलीला जाऊन माझे मार्गदर्शक असलेल्या सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी चार पानं वाचली आणि गठ्ठा बाजूला ठेवला. "यात तू कुठं आहेस?" त्यांनी विचारलं.

पुढचं वर्षभर, ते प्रकरण नव्यानं लिहून घेत, त्यांनी मला लिहायला शिकवलं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हात घ्यायचं आणि कुणाचं ते सांगायचं. विचार घेतला तरी ऋण मान्य करायचं. आणि त्याच्यापुढं आपलं काही म्हणायचं. "तुला काय दिसलं ते लिही. शब्द साधे असले तरी चालतील," असं ते म्हणायचे. आजवर कुणीही मला काय दिसलं हे विचारलं नव्हतं. मी तांड्यावरची. घरात आम्ही गोरमाटी ही बंजारा बोली बोलतो. मराठी मला शाळेनं दिली, तीही पाठ करण्यापुरती.

माझा विषय होता हळदीच्या कामावर जाणाऱ्या तांड्यावरच्या बायका. आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या तांड्यावरून माझी काकी दरवर्षी कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजवायच्या कामाला जायची. त्या वर्षी मीही तिच्याबरोबर गेले. वाफेनं तिचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते. तिनं एक गड्डा उचलला, त्यात काडी खुपसली, शिजलाय की कच्चा ते पाहिलं आणि गोरमाटीत काहीतरी पुटपुटली. त्या वाक्याला मराठीत आणायला मला आठवडा लागला. शेवटी असं झालं: "हळद शिजली का न्हाई ते काडी घालून बघतात. आमच्यात कोनी काडी घालून बघितली?"

चौथं प्रकरण मी त्या वाक्यापासून सुरू केलं. सरांनी ते माझ्यासमोर बसून वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला. "हे तुझं आहे," ते म्हणाले. "याची फाइल मला मेल कर. सावकाश बघतो." बाळापूरच्या बसमध्ये मला जागा मिळाली नाही. उभी होते, तरी पाय दुखल्याचं आठवत नाही.

प्रबंध सादर करायच्या आधी ग्रंथालयात त्याची तपासणी होते. उचललेला मजकूर संगणक रंगवून दाखवतो. तिथले चाचा वर्षानुवर्षं हेच काम करतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पडदा माझ्याकडं वळवला. तीन प्रकरणं स्वच्छ होती. चौथं पहिल्या ओळीपासून लाल.

"मशीन चुकलंय, चाचा."

त्यांनी लाल ओळीवर क्लिक केलं. एका मासिकातला लेख उघडला. काडीचं वाक्य सुरुवातीलाच होतं, 'एक मजूर स्त्री म्हणते' असं सांगून. लेखकाच्या जागी सरांचं नाव होतं. माझं नाव खाली तळटीपेतसुद्धा नव्हतं. ते वाक्य माझ्याआधी मराठीत नव्हतंच. काकी ते मराठीत कधी बोललीच नव्हती.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"माझी बढती अडकली होती," ते म्हणाले. "एक लेख कमी पडत होता. गाइड मीच आहे ना? काम आपल्या दोघांचंच आहे."

"सर, तुमीच शिकवलं होतं."

ते म्हणाले, "तू शब्द बदलून घे. चार दिवसांचं काम आहे. मशीनला कळणार नाही."

"आणि काडीचं?"

"ते काढून टाक."

तक्रार करावी म्हणून मी अर्ज लिहिला. पण संशोधकाचा कुठलाही अर्ज मार्गदर्शकामार्फतच पुढं जातो. त्यावर सरांची सही लागणार होती. चाचांनी अर्ज वाचला आणि घडी घालून मला परत दिला. "काहून तकलीफ करून घ्यायलीस, बेटा? डिग्रीवर बी त्यांचीच सही लागती." त्यांच्या बोलण्यात माया होती. म्हणूनच माझा उरलासुरला जोर गेला.

मी चार दिवस बसून माझंच प्रकरण दुसऱ्या शब्दांत लिहिलं. 'काकीचे हात सोलवटले' याचं 'सदर श्रमिक महिलांना शारीरिक क्लेशांना सामोरे जावे लागते' असं केलं. प्रत्येक वाक्य मोडताना ते किती नीट बसलेलं होतं हे कळत होतं. पाचव्या दिवशी मशीननं प्रबंध पास केला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सज्जन माणूस. प्रबंध चाळत म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण चौथं प्रकरण पुस्तकी झालंय. बायका दिसतच नाहीत. तुमच्या सरांचा लेख वाचलात का? काय जिवंत भाषा आहे! तसं लिहायला शिका."

"व्हय सर," मी म्हणाले. शेजारी सर कपातला चहा बघत होते. एक शब्द बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. नंतर टाळ्या वाजल्या, पेढे वाटले, फोटो काढला. फोटोत मी त्यांच्या पाया पडताना आहे.

तांड्यावर मला सगळे डॉक्टर म्हणू लागले. काकीनं विचारलं, माझं बोलणं पुस्तकात आलं का? मी हो म्हणाले. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

आता मी वसमतला एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. पोरं इंटरनेटवरून उतरवलेले प्रकल्प आणून देतात. मी वाचते आणि सही करते. त्यांना ओरडावं असं वाटतं, पण मी पुढचा प्रकल्प ओढून घेते. ज्या सरांनी मला ते सगळं नीट सांगितलं होतं, त्यांचाच आवाज माझ्या घशात येतो.

मध्यंतरी दोनदा स्वतःचा लेख लिहायला बसले. दोन्ही वेळा पहिल्याच परिच्छेदात 'सदर', 'प्रस्तुत', 'अनुषंगाने' आले. कुठून उचललं म्हणून शोधून पाहिलं. कुठूनच नव्हतं. ते माझंच होतं.