तहान मारणारी माणसं

आमच्या फौजदाराला दुसऱ्यांच्या ग्लासात डोकावायची सवय आहे. कुणाच्या घरी गेली, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवलेलं पाणी आधी बघते आणि मग त्या माणसाकडे. मी कितीदा म्हटलं, "अगं, आधी 'कशा आहात' असं तरी विचार." पण ऐकेल तर ती फौजदार कसली!

फौजदार म्हणजे माझी नणंद. पोलिसांशी तिचा काही संबंध नाही, ती हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे. हे नाव मी ठेवलं, लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी, कारण तिच्यापुढे कुणाची थाप टिकत नसे. मी घरी शिवणकाम करते आणि माझी जीभही कात्रीला हार जाणारी नाही, त्यामुळे आमचं दोघींचं सुरुवातीला कसं चाललं असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

तिचं काम मला फार वर्षं कळलंच नव्हतं. निदान डॉक्टरांनी करायचं आणि सिस्टरांनी सुया टोचायच्या, एवढीच माझी समजूत. एकदा जेवताना मी तसं बोलून गेले, तर तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

"वहिनी, डॉक्टर सांगतात मांडीचं हाड मोडलंय. बरोबरच आहे. पण हाड मोडलेला तो माणूस कूस बदलायला घाबरतोय, की घरच्या काळजीने त्याचा डोळा लागत नाहीये, की त्याने जगायचीच उमेद सोडलीय, हे कुणी ओळखायचं? आजाराचं नाव वेगळं, आणि आजाराने माणसाचं जे होतं त्याचं नाव वेगळं. ते दुसरं नाव आम्ही देतो. त्यालाही निदानच म्हणतात."

"आणि नाव देऊन काय होतं?"

"नाव दिलं की इलाज शोधता येतो. नाही तर सगळे म्हणतात, म्हातारा हट्टी आहे."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या अशा गप्पा कान देऊन ऐकायच्या, पण ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

असाच एक हट्टी म्हातारा तिच्या वॉर्डात आला होता. बसचा ड्रायव्हर, आयुष्यभर रस्ता गाजवलेला. पाणी प्या म्हटलं की म्हणायचा, "आत्ताच प्यायलो." ग्लास मात्र काठोकाठ भरलेला. कुणी म्हणे वयोमानाने तहान लागत नसेल, कुणी म्हणे इथलं पाणी आवडत नसेल. फौजदार त्याच्याकडे बघत राहिली. तिला दिसलं, की उत्तर देण्याआधी तो दरवेळी दाराकडे बघतो, आज मदतीला कोण आहे ते. त्याचा मुलगा आला की घटाघट पाणी पितो. मुलगा गेला की संपलं. त्याला तहान होती. पाणी प्यायलं की लघवीचं भांडं मागावं लागणार, भांडं मागितलं की परकं माणूस येणार, पांघरूण बाजूला करणार. त्यापेक्षा तो तहान मारत होता.

तिने त्या प्रकाराला तेच नाव दिलं. लाजेपोटी तहान मारणं. मोठ्या पुस्तकांत त्याला आणखी भारदस्त काही म्हणत असतील, पण वॉर्डातल्या मावशीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना कळेल असं नाव तिला हवं होतं.

मला वाटलं झालं, सापडलं, आता सांगून टाकायचं सगळ्यांना. पण इथून पुढे तिचं खरं काम सुरू झालं, आणि ते बघून मी थक्क झाले. एका माणसावरून नाव ठेवता येत नाही म्हणाली. तिने खुणा काढल्या: भरलेला ग्लास, "आत्ताच प्यायलो" हे ठरलेलं उत्तर, दाराकडे जाणारी नजर, कोरडी जीभ, घरचं माणूस आलं की लागणारी तहान. मग त्या खुणा पारखायला घेतल्या. एक पेशंट आणि दोन सिस्टर. दोघींनी वेगवेगळ्या वेळी जाऊन बघायचं, मध्ये एकमेकींशी अवाक्षर बोलायचं नाही, आणि मग कुठली खूण दिसली ते सांगायचं. दोघींचं पुन्हा पुन्हा जुळलं नाही तर ती खूण बाद. पेशंट नात्यातला असेल तर त्या सिस्टरचं मत धरायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी पेशंटलाच विचारायचं, आम्हाला असं असं वाटतंय, हे खरं आहे का? मी नव्या ब्लाउजला कच्चे टाके घालते आणि अंगावर चढवून बघते, तसंच हे. फरक एवढाच, की माझं चुकलं तर कापड वाया जातं.

स्वतःच काढलेल्या खुणा ती स्वतःच बाद करायची. सुकलेले ओठ गेले, कारण वॉर्डातल्या पंख्याने सगळ्यांचेच सुकतात. चिडचिड गेली, कारण हाड मोडल्यावर चिडणार नाही तो माणूस कसला. एक खूण मात्र तिची फार लाडकी होती, भरलेला ग्लास. ती कधीच चुकत नाही म्हणायची. आपला तो बाब्या! मेट्रनबाईंनी सांगून ठेवलं होतं, की खुणा पक्क्या झाल्या की हे निदान सगळ्या वॉर्डांत लागू करू.

आणि मग सासूबाई पडल्या. मोरीच्या उंबऱ्यात पाय अडकला आणि खुबा मोडला. लेक ज्या वॉर्डात, त्याच वॉर्डात त्यांना ठेवलं. ऑपरेशन छान झालं, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्या हळूहळू आमच्यातून जाऊ लागल्या. दुपारभर झोपून राहायच्या. एकदा मला त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि खिडकीत कोंबड्या बसल्यात त्या हाकल म्हणाल्या. ज्या बाईने मला भाताला मीठ कमी पडलं तर दुसऱ्या खोलीतून सांगितलं होतं, ती बाई मी कोण हे विसरली होती.

डॉक्टर मन लावून बघत होते. सलाईन लावलं की माणूस शुद्धीवर येई, काढलं की पुन्हा कोंबड्या. ते म्हणाले, "पोटात पाणी तर भरपूर जातंय, पण बाहेर येत नाही. मूत्रपिंडं थकली असतील. मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. आणि डोक्याचं पुढे किती सुधारेल, ते आज सांगता येणार नाही." पाणी भरपूर जातंय हे तर दिसतच होतं. फौजदार स्वतः ग्लास भरून ठेवायची आणि थोड्या वेळाने रिकामा ग्लास स्वतः उचलायची. आईचं सगळं तीच करत होती. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी हलवायचं ठरलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा सिस्टरांच्या खोलीत आवाज चढले होते. वॉर्डातल्या सगळ्याच पेशंटांची पारख चालली होती, त्यात सासूबाईही आल्या. बघायला गेल्या होत्या जाड चष्म्याच्या एक जुन्या सिस्टर आणि शेजारच्या वॉर्डातली एक उंच सिस्टर. दोघी वेगवेगळ्या जाऊन आल्या आणि दोघींनी एकच सांगितलं. तहान मारतायत.

"शक्यच नाही," फौजदार म्हणाली. "ग्लास रिकामा असतो. मी माझ्या हाताने उचलते."

"ग्लास आणि घरच्या माणसाची खूण सोडून बाकी सगळ्या खुणा आहेत," चष्मेवाल्या सिस्टर म्हणाल्या. "जीभ कोरडी ठणठणीत. विचारलं की 'आत्ताच प्यायले'. आणि बोलण्याआधी दाराकडे बघतात."

"अगं, ती माझी आई आहे! मला कळणार नाही?"

"म्हणूनच तुझं मत धरायचं नाही. नियम तुझाच आहे बाई."

फौजदाराचा चेहरा पडला. पण ती वाद घालत बसली नाही, हे मला सांगायलाच हवं. एवढंच म्हणाली, "मग पेशंटला विचारा. मी आत येत नाही."

ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. मी आत गेले. सकाळच्या सलाईनने सासूबाई जरा भानावर होत्या. चष्मेवाल्या सिस्टर पलंगावर टेकल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आई, आम्हाला वाटतंय तुम्हाला तहान लागते, पण तुम्ही पाणी पीत नाही. खरं आहे का?"

सासूबाईंनी दाराकडे बघितलं.

"ती आहे का तिकडे?"

"इथे मी आहे आणि तुमची सून आहे."

"मग सांगते. भांडं मागितलं की तीच धावत येते. दुसरीला येऊच देत नाही. दिवसभर परक्यांचं काढते, तिची कंबर दुखते ते मला दिसत नाही का? आता माझंही तिनेच काढायचं? लेकीपुढे असं पडायचं? नको बाई. त्यापेक्षा तहान बरी."

"आणि ग्लासातलं पाणी?"

सासूबाईंच्या डोळ्यांत जरा जुनी चमक आली. "ग्लास भरलेला दिसला की ती फौजदारकी सुरू करते. इतकी वर्षं जेवताना ऐकतेय मी." त्यांनी बोटाने खिडकीकडे दाखवलं. तिथे पलंगावरून हात पोचेल अशी कुंडी होती, मागच्या कुणा पेशंटची राहिलेली. पानं पिवळी पडली होती आणि खालची ताटली पाण्याने ओसंडत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी बाहेर आले. फौजदाराने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता रडेल, निदान आईवर तरी रागावेल. ती सरळ सिस्टरांच्या खोलीत गेली आणि खुणांच्या कागदावरची पहिली ओळ, तिचा लाडका भरलेला ग्लास, तिने खोडली. त्यांच्यात निदानापुढे कारण लिहायची रीत आहे. आईच्या निदानापुढे तिने चष्मेवाल्या सिस्टरांना लिहायला सांगितलं, "मुलगी स्वतः सेवा करते म्हणून."

"असं लिहू? जरा वेगळं लिहिता येईल," सिस्टर म्हणाल्या.

"जे आहे तेच लिहा. कारण चुकलं की इलाज चुकतो."

मग तिने डॉक्टरांना जाऊन सांगितलं, की मूत्रपिंडांना दोष द्यायच्या आधी थोडी सवड द्या. ते लगेच तयार झाले, हलवणं थांबवलं आणि सलाईन पुन्हा सुरू केलं. मग मेट्रनबाईंकडे जाऊन तिने स्वतःची बदली लहान मुलांच्या वॉर्डात मागून घेतली, आई घरी जाईपर्यंत. जाताना मावशींना सांगून गेली, "भांडं हवंय का असं विचारू नका. पडदा ओढा, वेळ झाली म्हणा आणि द्या. तिला मागावं लागता कामा नये." आईवर जीव टाकणाऱ्या लेकीने आईच्या भल्यासाठी काय करायचं, तर तिच्यापासून लांब जायचं. मला ते जमलं नसतं. इतकी वर्षं मी जिला फौजदार म्हणून चिडवत आले, तिच्यापुढे त्या दिवशी मला अगदी लहान वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

नंतरचे दिवस ती जिन्यात माझी वाट बघत उभी राहायची, लहान मुलांच्या वॉर्डातला रंगीत एप्रन घालून. आधी कोंबड्या कमी झाल्या. मग सासूबाईंनी मला माझ्या नावाने हाक मारली. आणि एका दुपारी मी जिना उतरताना लांबूनच ओरडले, "अगं, आज त्यांनी मावशीला झापलं! भांडं द्यायला उशीर झाला म्हणून!"

"काय म्हणाली?" तिने माझा दंडच धरला.

"म्हणाल्या, 'मी काय इथे अशीच तुंबून बसू?'"

फौजदार पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. माझ्या हातात झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास होता, तो मी तिच्यापुढे धरला.

"हे काय?"

"तुझ्या आईने पाठवलंय. म्हणाल्या, 'आमची लेक कामात पाणी प्यायचं विसरते. तिच्या हातात दे आणि पिऊन होईपर्यंत हलू नकोस. आणि जवळ कुंडी नाही ना, बघ.'"

ती माझ्यासमोर ते सगळं पाणी प्यायली, आणि रिकामा ग्लास मी सासूबाईंना नेऊन दाखवला.