उष्टी हवा

मुक्ता माझी भाची. काल पहिल्यांदाच तिच्या प्रयोगशाळेत गेले. टेबलावर काचेचं उंच भांडं होतं आणि त्यातल्या ताकासारख्या गढूळ पाण्यातून बारीक बुडबुडे सारखे वर येत होते. त्यात जंतू पाळलेत, म्हणाली.

"यांना खायला काय घालतेस?" मी विचारलं.

"कार्बन डायऑक्साइड. आपण श्वासातून बाहेर टाकतो ना, तोच वायू."

"म्हणजे आपलं उष्टं?"

ती हसली आणि एक छोटी बाटली तिने माझ्या नाकाशी धरली. नखांचा रंग पुसायच्या औषधाचा तोच भपकारा! हे त्या जंतूंनी केलं होतं, म्हणे. त्यांची जनुकं बदलून तिनेच त्यांना हे शिकवलं होतं. मी बाटली झटकन दूर सारली. टाकलेल्या हवेतून वस्तू?

"अगं मावशी, एवढी काय दचकतेस? झाडंही हीच हवा खातात. गहू, ऊस, सगळेच."

खरा धक्का तिथे बसला. शाळेत शिकले होते की मी हे! पण धड्यातलं कधी स्वयंपाकघरात आलंच नाही. आमच्याकडे दिवासुद्धा फुंकून विझवत नाहीत. पाच वर्षांच्या मुक्ताने नैवेद्याच्या गरम शिऱ्यावर फुंकर मारली, म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता आणि शिरा गाईला देऊन टाकला होता.

बुडबुडे वर येतच होते. त्या शिऱ्यातला गहू नि साखर कुणाकुणाच्या श्वासावर पोसली होती, हे देवाला ठाऊक असणारच. तरी तो रोज निमूट जेवत होता. धपाटा मात्र मुक्ताने खाल्ला.