खिंडीपलीकडचा दगड

किसनभाऊ माणसाचं तोंड नंतर बघत. आधी पाय बघत.

आमची ओळखसुद्धा पायांवरूनच झाली. लोणावळ्याच्या शाळेत मी भूगोलाचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि मला भूगोलापेक्षा मोटारींचा नाद जास्त होता. एका रविवारी सकाळी वळवणच्या पुढे, रस्त्याच्या अगदी मधोमध, चाळिशीचा एक माणूस मान खाली घालून अनवाणी चाललेला दिसला. डोक्याला पटका, अंगात पितळी बटणांचा खाकी ड्रायव्हरी कोट, आणि कोटाच्या खिशात काहीतरी खुळखुळत होतं.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

त्यांनी माझे नवेकोरे बूट वरपासून खालपर्यंत पाहिले. "माजं न्हाई हरवलं. दुसऱ्याचं हरवल्यालं गोळा करतुया," असं म्हणून खिशातली मूठ माझ्यापुढे उघडली. बैलांच्या पायांतून पडलेले नालांचे खिळे होते.

त्या काळी मुंबईच्या धनिकांचे लोणावळ्यात बंगले होते, आणि बंगल्यांत लांब नाकाच्या उघड्या मोटारी होत्या. सुटीच्या दिवशी या मंडळींच्या शर्यती लागत. वळवणपासून वडगावच्या अलीकडच्या पुलापर्यंत सोळा-सतरा मैल. रस्ता सरकारी, धुळीचा, सगळ्यांचा. त्यावर बैलगाड्या, शेळ्या, बाजाराला निघालेल्या बाया, आणि त्यांच्यामधून साठाच्या वेगानं या मोटारी. आज लिहितानाही अंगावर काटा येतो. त्या वेळी मात्र मी या वेडेपणाला शास्त्र म्हणत होतो.

किसनभाऊ असल्याच एका शेठचे ड्रायव्हर. गाव आंदर मावळात, मोटार पोहोचणार नाही अशा जागी. वयाच्या तिशीपर्यंत त्यांनी भाताच्या बैलगाड्या हाकल्या होत्या. त्यांचा एक नेम होता : शर्यतीच्या दिवशी सगळा रस्ता आधी पायांखालून घालायचा, तोही अनवाणी. "मुंबैवाले डोळ्यांनी गाडी हाकत्यात, मास्तर. डोळ्याला लांबचं दिसतं, पर बारीक कळत न्हाई. खडी कुटं सुटलीया, मुरूम कुटं पोकळ झालाय, ते तळव्याला इचारावं." मोटार चालवतानाही ते पायांत काही घालत नसत.

खिळ्यांपेक्षा त्यांना दगडांची धास्ती जास्त. चढावर बैलांना दम खाऊ द्यायला गाडीवान थांबतो, चाक मागे सरकू नये म्हणून त्यामागे दगड लावतो. बैलांनी दम खाल्ला की हाक मारून पुढे निघतो. दगड मात्र तिथंच राहतो, रस्त्याच्या मध्यावर. "मीबी टाकल्यात असलं दगड, वीस वर्सं," भाऊ सांगत. "बैल चालाय लागल्यावर मागं कोन उतरतंय? आता तेच उचलतुया." म्हणूनच शर्यत दुपारी घ्या, असा त्यांचा शेठकडे हट्ट असे. गाड्या रात्री आणि पहाटे चालतात, उन्हं चढली की बैलं सावलीला सुटतात. सकाळी एकदा रस्ता साफ केला की दुपारी तो तसाच मिळतो.

एकदा शेठला घेऊन ते पुण्याहून येत होते. कार्ल्याच्या फाट्याजवळ पुढे एक बैलगाडी, गाडीवान आत गाढ झोपलेला. मागे बसलेले शेठ ओरडले, "हॉर्न मार!" भाऊंनी हात लावला नाही. बैल बिचकला तर गडी चाकाखाली जाईल, म्हणून रस्ता रुंद होईपर्यंत ती लांब नाकाची मोटार बैलांच्या चालीनं नेली. मी शेजारी होतो, कारण तोवर मी त्या मोटारीत बसायचा हक्क मिळवला होता. तिची पेट्रोलची टाकी मागे होती, आणि वेगात असताना पेट्रोल पुढे ढकललं जावं म्हणून टाकीत हवा भरायला डाव्या बाजूच्या माणसाला एक हातपंप सतत मारावा लागे. भूगोलाच्या मास्तरानं यापेक्षा वर काय चढायचं?

मग ती शेवटची शर्यत आली. शेजारच्या बंगल्यातले बॅरिस्टर स्वतः मोटार चालवत. मागच्या खेपेला भाऊंचं टायर खिळ्यानं फुटलं होतं आणि बॅरिस्टर जिंकले होते. शेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं : "किसन, या वेळी हरलास तर मी मुंबईहून ड्रायव्हर आणणार." भाऊ मोटारीच्या नाकावरची नसलेली धूळ पटक्यानं पुसत राहिले. ती मोटार म्हणजे त्यांचा जीव होता.

रस्ता आम्ही वाटून घेतला. वळवणपासून कामशेतपर्यंत भाऊ. कामशेत, पुढची खिंड आणि कान्हे फाट्यापर्यंतचा रस्ता माझा. वडगावकडचा तुकडा शेठचा माळी बघणार होता. मी सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरलो. बूट काढून पिशवीत टाकले आणि खरोखर निघालोसुद्धा. पण स्टेशनसमोरच्या चहाच्या दुकानात भजी तळली जात होती, आणि कोणीतरी विचारलं, "मास्तर, बूट हातात का?"

झालं! मला कोणी नुसतं 'का' विचारलं की मी तासाभराचा माल काढतो. शर्यत सांगितली, हातपंप सांगितला, बॅरिस्टरांची नक्कल केली. पाच माणसांची पंधरा झाली. दुकानदारानं दुसरा चहा फुकट दिला. लोक पोट धरून हसत होते, आणि मी समोरच्या खिंडीकडे बघून मनात म्हणत होतो, आता उठतो. परतीच्या गाडीची घंटा झाली तेव्हा मी बॅरिस्टरांच्या मिशांवर होतो.

खिंडीत गेलो असतो तर गाडी चुकली असती. पंप कोणी मारायचा? मी दुकानामागे गेलो, दोन्ही पाय धुळीत घोट्यापर्यंत नीट लोळवले आणि गाडीत बसलो. वर्गात मुलांनी असली लबाडी केली की मी छडी काढत असे.

लोणावळ्यात भाऊ वाटच बघत होते. "पाय दावा, मास्तर." मी दाखवले. ते वाकले, एवढ्यात शेठनी हाक मारली आणि ते तसेच वळले. "रस्ता सोच्छ?"

"स्वच्छ," मी म्हणालो.

दुपारी तीनला शेठनी रुमाल खाली केला. शेठ नंतर दुसऱ्या मोटारीनं मागून येणार होते. पहिल्या दोन मैलांतच बॅरिस्टर मागे पडले. भाऊ चाकावर किंचित पुढे झुकलेले, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना आधी ठाऊक होता. गाडी जरा डावीकडे सरके, आणि तो उजवीकडून निघून जाई. "हितं खडी सुटलीया," ते स्वतःशीच म्हणत. "हितं पोकळ हाय." सकाळी तळव्यांनी वाचलेलं ते आता घडाघडा म्हणून दाखवत होते. मी पंप मारत होतो. वाऱ्यानं डोळ्यांना पाणी येत होतं. काटा साठाला टेकला, पुढे सरकला.

कार्ल्याचा फाटा गेला. भाऊंचा वाचलेला रस्ता संपत चालला होता. पुढचा माझा होता, आणि माझ्या पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी हिशेबानं मनाची समजूत घातली. दगड असेलच कशावरून? गाडीवान काय फक्त याच चढावर दमतात? पण भाऊ वेग कमी करत नव्हते, उलट वाढवत होते. कारण त्यांना 'स्वच्छ' असं सांगितलं होतं. माझ्या एका शब्दावर ते पासष्टाच्या वेगानं निघाले होते. कामशेत आलं. दोन्ही बाजूंना गर्दी, आणि पुढेच चहाच्या दुकानातली माझी पंधरा माणसं. "मास्तर! मास्तर!" ते टोप्या उडवत होते. मी पंपाचा हात सोडून त्यांना हात केला. हो, केला. अंगातली खोड ऐन वेळीही जात नाही.

गाव सरलं आणि खिंडीचा चढ लागला. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं, रस्ता सरळ आभाळात शिरत होता. वडगावकडून येणाऱ्या गाड्या दम घ्यायला थांबतात त्या नेमक्या त्या टोकाच्या पलीकडे. हे मला भाऊंनीच सांगितलं होतं. खरं सांगितलं तर ते मोटार आवरतील, शर्यत जाईल आणि त्यांची नोकरीही. नाही सांगितलं तर... टोक दोनशे हातांवर आलं.

"भाऊ!" मी किंचाळलो. "मी खिंडीत गेलोच नाही! मी खोटं बोललो!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा अनवाणी पाय वेगावरून उचलला गेला, ब्रेकवर दाबला गेला. मी समोरच्या काचेवर आपटलो. गाडी थरथरत, कण्हत, माणसाच्या चालीवर आली आणि तशीच टोकावर चढली.

पलीकडे, दहा हातांवर, आमच्या चाकाच्या अगदी रेषेत दगड होता. पाट्याएवढा. त्याच्या उजवीकडे आणखी दोन. आणि डाव्या कडेला, दगड चुकवायला आम्ही जिथं वळलो असतो तिथंच, एक सोडलेली गाडी. तिच्या सावलीत, तोंडावर उपरणं घेऊन झोपलेला गाडीवान. त्याच्या पायाशी बैल रवंथ करत होते.

भाऊ उडी मारून उतरले. "मागं पळा, मास्तर! बॅरिस्टरला थांबवा!" डोक्याचा पटका त्यांनी माझ्याकडे फेकला. मी टोकावर उभा राहून तो हलवत सुटलो. खालून बॅरिस्टर येत होते. त्यांना वाटलं आमची मोटार बिघडली आणि मी शरण आलोय. त्यांनी आनंदानं हॅट हलवली, आणि माझ्या अंगावर धूळ उडवत सरळ निघून गेले. मी डोळे मिटून घेतले. काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर भाऊ रस्त्याच्या कडेला, तिसरा दगड पोटाशी धरून उभे होते, आणि बॅरिस्टरांची धूळ कान्ह्याकडे चालली होती. गाडीवान कूस बदलून पुन्हा झोपला.

पुलापाशी शेठ आले तेव्हा बॅरिस्टर सिगारेट शिलगावून बसले होते. "काय झालं, किसन?"

"गाडी माज्यानं उबी ऱ्हायली, शेठ."

"तुझ्यानं?"

"व्हय."

मी शेजारीच होतो. ज्या तोंडानं सकाळी अर्धं कामशेत हसवलं होतं, त्या तोंडाला त्या वेळी कुलूप लागलं. शेठ म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." भाऊंनी पटका झटकला, मोटारीच्या नाकावरून एकदा फिरवला, डोक्याला गुंडाळला आणि खाकी कोट काढून सीटवर घडी करून ठेवला. मग ते गावाच्या दिशेनं चालत निघाले. परतताना मोटार शेठनी चालवली आणि मी पंप मारला. कान्हे फाट्याजवळ आम्ही भाऊंना ओलांडून गेलो. मी मान फिरवून घेतली.

महिन्यानं मी शेठना पत्र लिहिलं. चार पानी. ते घेऊन कामशेतच्या भाताच्या गिरणीवर गेलो. भाऊ तिथली लॉरी चालवत होते. "वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. त्यात विधिलिखित होतं, मनुष्यस्वभावाची चंचलता होती, आणि बरंच काही होतं. तिसरं पान सरलं तेव्हा भाऊंनी विचारलं, "मास्तर, दगड कवा येतो?"

मी पत्र फाडलं. तिथंच, पोत्यावर बसून, चार ओळी लिहिल्या आणि टपालात टाकल्या. शेठनी भाऊंना बोलावणं धाडलं. ते गेले नाहीत. "आता गिरणीची लारी हातात घेतलीया. तिला कोन बगनार?" मात्र ती लांब नाकाची मोटार रस्त्यानं गेली की हातातलं काम थांबवून ते कान देत. "टायमिंग चुकलंय. कुनी बगत न्हाई तिला," एवढंच म्हणत.

मी एकदा क्षमेचा विषय काढला. ते म्हणाले, "निम्मी चूक माजी. शेठनं हाक मारली आन् मी पाय अर्धंच बगितलं. वरनं धूळ व्हती, तळवा बगाय पायजे व्हता." मग म्हणाले, "तुमी उशिरा बोललात, पर टोकाच्या अलीकडं बोललात. तो गाडीखाली निजल्याला गडी परवा भात घिऊन आलता हितं. मला तंबाखू दिली त्यानं. त्याला काय म्हाईत!"

पुढे युद्ध आलं, पेट्रोल मिळेनासं झालं, शर्यती आपोआप बंद पडल्या. मोटारी बंगल्यांच्या पडव्यांत झाकून ठेवल्या गेल्या. भाऊ आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा मी कान्ह्याहून पायी निघालो. आंदर मावळात त्या वेळी दुसरा उपाय नव्हता. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि उरलेली वाट शेतांच्या बांधांवरून, खडकांवरून अनवाणी चाललो. वाटेत चढावर, गाडीवाटेच्या मधोमध दगड दिसले. उचलून कडेला ठेवले. तिथून मोटार कधी जाणार नव्हती, तरी ठेवले.

भाऊ ओसरीवर घोंगडीवर पडले होते. अंग वाळून गेलेलं, पण डोळे तसेच. मी दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"तळवा दावा, मास्तर."

मी भिंतीला धरून एक पाय उचलला. फुटलेली टाच, रुतलेला काटा, सुकलेलं रक्त. त्यांनी हात लांब केला, अंगठ्यानं तळवा चाचपला, मग दुसराही मागितला. कितीतरी वेळ बघत राहिले.

"आज गेलता," ते म्हणाले, आणि मला बसायला घोंगडीवर जागा केली.